फिलाडेल्फियाला अम्मान म्हणणारा

आमच्या सुनेच्या मावसभावाइतका बिनकामाचा हुशार माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. मी सातवी नापास, तरी हे छातीठोक सांगतो. इथं पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत तो रोमन काळातल्या गावांची नावं शिकतो. नुसती नावं! बायको गेल्यापासून मी लेकाकडं राहतो आणि हा प्राणी शनिवार-रविवार आमच्याकडं जेवायला. बाथरूममध्ये शिरला की तासभर बाहेर नाही. दार वाजवलं तर आतून म्हणतो, "काका, रोमन लोक अर्धं राजकारण अंघोळीतच करायचे." म्हणलं, "त्यांच्या घरात बाथरूम एकच नसंल रे लेका!"

एकदा आम्ही गाडीनं फिलाडेल्फियाला निघालो. सून फोनवर आईला सांगत होती, तर हा मागून ओरडला, "मावशी, अम्मानला चाललोय!" पोरं लढाईच्या मुलखात निघाली म्हणून तिकडं बाईनं रडायलाच सुरुवात केली. मग रस्ताभर याचं पुराण. जॉर्डनमधल्या अम्मानचं नाव म्हणे एका ग्रीक राजानं फिलाडेल्फिया केलं. रोमन आले, त्यांनी तेच चालवलं, नाण्यावर छापलं, थिएटरं बांधली. पोरंसोरं रोमन झगे घालून मिरवायला लागली. "पण चुलीपुढं जुनंच नाव चालू होतं, काका. राज्यं गेली, अम्मान राहिलं."

"मग बदललं कशाला?"

"गावाला विचारतंय कोण?"

उन्हाळ्यात लेकानं पार्कातल्या बाकावर आईच्या नावाची पाटी लावायची ठरवली. 'शालिनी' लिहून दिलं. जेवताना हा विचारतो, "काका, काकूंचं लग्नाआधीचं नाव काय?"

मी खेकसलो, "काकू काय रोमन गाव आहे?"

पण ताट सारून उठलो. लग्नात तांदळात अंगठीनं शालिनी मीच लिहिलं होतं. आमच्यात तशी रीतच. माहेरची ती धुरपदा. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी शालिनी, शालिनी करत बसलो, तिनं डोळा उघडला नाही. गावाकडनं तिच्या भावानं फोनवर "धुरपे" म्हणून हाक मारली आणि बाई चक्क हसली.

मी लेकाला पाटीवरचं नाव बदलायला लावलं. तो म्हणाला, "बाबा, धुरपदा इथं कुणाला म्हणता येणार नाही."

"नको येऊ दे."

आता रोज त्या बाकावर बसतो. जन्मभर शालिनीच म्हटलेलं, हे नाव माझ्या तोंडात अजून येत नाही. आणि हा पोरगा, ज्यानं तिला कधी बघितलंसुद्धा नाही, कॅम्पसच्या बसला जाताना पाटीपाशी थांबतो आणि म्हणतो, "येतो हं, धुरपाकाकू."