ज्वारीच्या धापोड्यांचा डबा

धापोडे, म्हणजे ज्वारीचे पातळ पापड, हे एकट्या बाईचं काम नाही. ज्वारी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायची, आंबली की धुऊन सावलीत सुकवायची, दळून आणायची. मग गंजात, म्हणजे मोठ्या उभ्या भांड्यात, आधण ठेवून त्यात ते पीठ सोडायचं. तीळ, जिरं, लसूण, लाल मिरची, मीठ. एकीनं गंज धरायचा, दुसरीनं हाटायचं, नाहीतर खाली लागतं. शिजलेल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. घाटा गरम आहे तोवरच थापावा लागतो. अंगणात ओलं धोतर अंथरलेलं असतं. एक जण त्यावर घाट्याचा गोळा टाकत जाते आणि दुसरी पाण्यात हात बुडवून तो पातळ पसरवत जाते. कडक वाळला की धोतर उलटं करायचं, मागून पाण्याचा हबका मारायचा, मग धापोडा कापडापासून अलगद सुटतो.

आमच्या घरात गोळे टाकायची थोरली जाऊ आणि पसरवायची मी. माझे हात थंड आहेत म्हणून ते काम माझ्याकडे, असं ती सांगायची. खरं तर तिला वाकून बसायचा कंटाळा होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोणाशी बोलता येत नव्हतं. अजूनही फारसं येत नाही. थोरली माझ्या वाटचं बोलायची. वलगावच्या चक्कीवर दळण घेऊन गेलो की मी मागे उभी राहायची आणि लोक माझ्या पुढे डबे सरकवायचे. ती पुढूनच आवाज द्यायची, "अवो बाई, थो डबा आमच्या लहानीचा हाय. थे बोलत नाई म्हनून का तिचं दळन उद्या दळाचं?" चक्कीवाला हसायचा आणि माझा डबा पुढे घ्यायचा. घरी येताना ती म्हणायची, "लहानी, देवानं तुले तोंड देल्लं, थे नुसतं भाकर खायाले नाई वं." आणि मी त्यावरही काही बोलायची नाही, मग ती एकटीच हसत चालायची.

मला मूल झालं नाही. तिला एकच मुलगी झाली, ती माझ्या कडेवर वाढली. मुलगी मला लहानमाय म्हणायची. धापोड्यांच्या दिवशी ती चुलीपासून हलायची नाही, कारण गंजाची खरवड तिची असायची. शेंगदाण्याचं तेल टाकून ती खरवड मी तिला वाटीत काढून द्यायची आणि ती बोटं चाटत माझ्या मांडीवर बसायची, मग माझा एकच हात मोकळा राहायचा. थोरली ओरडायची, "उतर वं खाली, तिले थापू दे. तुह्या लग्नात रुखवतावर धापोडे लागतीन, थे कोन करून देईन?" मुलगी म्हणायची, "लहानमाय करीन." थोरली म्हणायची, "मंग मले सुट्टी झाली."

हे बोलणं दरवर्षी व्हायचं. माझ्यासाठी ते ठरलेलं होतं.

सासरे गेले त्यानंतर दोघा भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. आधी पाणी, मग बैल, मग सगळंच. चार नातेवाईक बसले आणि वाटणी झाली. शेत मधून कापलं, घर मधून कापलं, अंगणात त्याच दिवशी टिनांची आड उभी राहिली. भांडी ओसरीवर मांडली होती. गंज त्यांच्याकडे गेला, पाटा-वरवंटा आमच्याकडे आला. शेवटी ते धोतर राहिलं. सासऱ्यांचं जुनं धोतर, वर्षानुवर्षं धापोडे थापून पिवळं पडलेलं. माझे यजमान म्हणाले, "थे राहू द्या वहिनीकडं." त्यावर थोरले भाऊजी म्हणाले, "कोनाचे उपकार नोको मले. अर्धं म्हनजे अर्धं."

थोरलीनं ते उचललं, काठ दातांत धरून फाडला आणि मग दोन्ही हातांनी ओढत नेलं. कापड जुनं होतं, लगेच फाटलं. एक तुकडा तिनं माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, नवऱ्याच्या समोर तिला असं करावं लागलं, उद्या सकाळी टिनांच्या पलीकडून हाक मारेल आणि काहीतरी बोलून हसवेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडत बराच वेळ टिनांजवळ राहिले. पलीकडे तीही झाडत होती. खराट्याचा आवाज येत होता.

तिनं हाक मारली नाही. मी "बाई" म्हणून एकदा हाक दिली. खराटा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मुलगी तेव्हा अमरावतीला शिकत होती. सुट्टीत आली की पहिल्या वर्षी टिनांच्या कडेनं येऊन बसायची, मग तिचं येणं कमी झालं. भाऊजी रागवायचे असं ऐकलं. गेल्या साली पावसाळ्याच्या आधी कळलं की तिचं लग्न जमलं, मुलगा अकोल्याचा, लग्न पुढच्या उन्हाळ्यात आहे.

आमच्या भागात आता ज्वारी कोणी पेरत नाही. सगळीकडे सोयाबीन आणि तूर. ज्वारी पेरली तर रानडुकरं लोळवतात, उरलेलं पाखरं खातात, आणि राखण करायला माणूस लागतो. भाकरीलासुद्धा लोक दुकानातून आणतात. मी यजमानांना म्हणाले, विहिरीजवळच्या तुकड्यात ज्वारी टाका. ते म्हणाले, "काहून? आपुन दोघं किती खातो?" मी म्हटलं, "पोरीच्या रुखवताले." ते म्हणाले, "त्यायनं मांगितले का तुले?" मी नाही म्हटलं. तरी त्यांनी पेरली.

जुन्या साड्या जोडून मी तुकड्याच्या चारी बाजूंनी बांधल्या, म्हणजे डुकरं बिचकतात. कणसं भरायला लागली तेव्हापासून मी पहाटे शेतात जाऊन बसायची आणि थाळी वाजवायची. पोपट वाईट असतात, खातात थोडं आणि पाडतात जास्त. चिमण्या थव्यानं येतात, एका बाजूनं उठवल्या की दुसरीकडे बसतात. शेजारच्या शेतात थोरली कधी कधी तुरीत निंदायला यायची. मला वाटतं तिला थाळी ऐकू येत असेल. गावात दुसरं कोणी ज्वारी पेरत नसताना मी ती कोणासाठी राखते आहे, हे तिला सांगायची गरज नव्हती.

ज्वारी चांगली आली. टपोरी, पांढरी. बियाण्यासाठी चांगली कणसं निवडून मी आढ्याला टांगली. बाकीची मळून ठेवली.

उन्हाळा लागल्यावर मी एकटीनं धापोडे केले. गंज नव्हता म्हणून पातेल्यात थोडं थोडं शिजवलं. पातेलं पायांच्या मध्ये धरून हाटलं. गोळा मीच टाकायची आणि मीच पसरवायची, तोवर घाटा गार होऊन चिरायचा. अर्ध्या धोतरावर मावत नव्हते म्हणून पुन्हा पुन्हा करावे लागले. पहिले जाड झाले, ते आम्ही खाल्ले. नंतरचे चांगले झाले. उन्हाकडे धरले तर बोटं दिसत होती. पातेल्याची खरवड खाली राहिली, ती मी वाटीत काढली आणि नंतर गाईला दिली.

निवडून निवडून मोठा स्टीलचा डबा भरला. धापोडे मोडू नयेत म्हणून मध्ये मध्ये कागद घातले. आता हा डबा पलीकडे न्यायचा होता. यजमान म्हणाले, "मी येऊ का?" मी म्हटलं, "तुमी आले तं भांडन होईन."

भाऊजी बाहेर गेलेले पाहून मी गेले. थोरली ओसरीवर गहू निवडत होती. केस पांढरे झाले होते. मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि घरून ठरवून गेलेलं वाक्य बोलले, "बाई, पोरीच्या रुखवताचे धापोडे हायेत. घरच्या ज्वारीचे."

तिनं झाकण उघडलं. वरचा धापोडा काढून उजेडात धरला. तिचा चेहरा मी नीट बघत होते. मला वाटलं आता बोलेल. तिनं तो परत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "ठेवा तिथं."

मला ती कधी "ठेवा" म्हणाली नव्हती.

लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या हातानं आली. आम्ही अमरावतीला हॉलवर गेलो, पाहुण्यांमध्ये खुर्चीवर बसलो. हळदीला मला कोणी बोलावलं नव्हतं. मुलगी स्टेजवर छान दिसत होती. आम्ही आशीर्वाद द्यायला गेलो तेव्हा ती वाकून पाया पडली आणि मला म्हणाली, "लहानमाय, जेवून जा." बाकी लोक मागे उभे होते.

रुखवत एका लांब टेबलावर मांडलं होतं. मी ते दोनदा फिरून पाहिलं. कुरड्या होत्या, शेवया होत्या, पापड होते. धापोडेही होते, चकचकीत कागदात बांधलेले, वर लाल फीत, बचत गटाची चिठ्ठी लावलेली. माझे नव्हते. मी म्हटलं असतील घरी, मोडतील म्हणून आणले नसतील. मुलीच्या सामानात दिले असतील.

लग्नानंतर काही दिवसांनी थोरली टिनांना वळसा घालून आमच्या दारात आली. वाटणीनंतर पहिल्यांदाच. हातात माझा डबा होता. मी तिला पाट दिला, ती बसली नाही.

"तुमचा डबा," ती म्हणाली.

मी विचारलं, "पोरीले आवडले का?"

ती उंबऱ्याकडे बघत म्हणाली, "थे मांडववाल्या पोरायले देऊन टाकले. ह्यायनं सांगितलं, त्यायच्या घरचं काई पोरीसंगं जाऊ द्याचं नाई."

आणखी काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. ती वळून गेली.

आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. मूठभर गहू घालतात, गूळ घालतात, काही नसलं तर मिठाचे चार खडे. अगदी भांडण झालेल्या घराचा डबासुद्धा तसा देत नाहीत. हे मला थोरलीनंच शिकवलं होतं. नवीन असताना मी एकदा शेजारणीची वाटी धुऊन तशीच द्यायला निघाले, तर तिनं माझ्या हातातून वाटी घेऊन तिच्यात ज्वारी ओतली आणि म्हणाली, "रिकामं देल्लं म्हनजे आता येऊ नोको, असं होते वं लहानी."

मी झाकण उघडलं. डबा घासून पुसून स्वच्छ केला होता. मी आत हात फिरवला. यजमान खाटेवर होते, त्यांनी विचारलं, "काय घातलं?" मी म्हटलं, "काई नाई." मग मीच स्वतःला सांगत राहिले की तिच्या शेतात यंदा ज्वारी नाही, ती काय घालेल. पण गहू होता. मी तिला गहू निवडताना पाहिलं होतं.

आता पेरणीचे दिवस आले. यजमानांनी परवा विचारलं, "विहिरीजवळ ज्वारी टाकाची का?" मी नको म्हटलं. त्यांनी तिथेही सोयाबीन टाकलं. शेजारी-पाजारी म्हणतात, डुकरांमुळे यांनीही ज्वारी सोडली.

बियाण्याची कणसं आढ्याला तशीच टांगलेली आहेत. चिमण्या येतात, लोंबकळून दाणे टिपतात, खाली भुसा पडतो. मी तो सकाळी झाडून घेते. चिमण्यांना हाकलत नाही.