साडूने समजावलेली पेशी

माझ्या साडूने मला फसवले, आणि तेही खरे बोलून. डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ह्या माणसाइतका उघडा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. त्याच्या पोटात काही राहतच नसे. मासळीबाजारात मी घसा फोडून बांगड्याचा भाव उतरवावा, तर हा कल्ला उचलून म्हणणार, "दादा, रंग पाहिलास? आत्ताच समुद्रातून आलाय!" मासेवाली लगेच, "बगा, मास्तरांक कळता!" की भाव पुन्हा वर. पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल थांबवून तो त्यालाच पाव का फुगतो ते सांगे, आणि पावाची वाट पाहत आळीचा चहा निवून जाई. ज्याचा जो धंदा, त्यातूनच त्याला विज्ञान पाजायचे, ही त्याची खोड.

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षी माझे ट्रक खाणीवरून नदीच्या धक्क्यावर मिनेर, म्हणजे लोखंडाची माती, नेत. एका रविवारी सोप्यावर बसून त्याने मला गाठलेच.

"दादा, रक्तात लोखंड सुटे फिरत नाही. त्याचेही ट्रक असतात, प्रथिनांचे. पेशीच्या दारावर ट्रक ओळखतात, मालासकट आत ओढतात, माल उतरवतात आणि रिकामा ट्रक परत रस्त्यावर सोडतात. कॅन्सरची पेशी तर फार हावरी. वाढायला लोखंड हवे, म्हणून ती अशी दारे कितीतरी जास्त उघडते."

मी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात धक्का! नाहीतर आमचा. एक दार, आणि गाड्यांची शेपटी गावापर्यंत. मास्तर, तुझ्या त्या पेशीला इथले कंत्राट दे!"

तो इतका हसला की बशीतला चहा सांडला. "सांगतो तिला," म्हणाला.

चतुर्थीनंतर तो गेला. त्याच पेशीने नेला.

"भावोजी, तपासणीचा कागद त्या रविवारच्या आधीच आला होता," मेहुणी म्हणाली. "मी म्हटले, दादांना सांगा. तर म्हणाले, नको, तो डॉक्टरशी घासाघीस करत बसेल."

बसलो असतो! जन्मभर दुसरे केले काय मी? डॉक्टर महिने म्हणाला असता, मी वर्षे मागितली असती. निदान त्याच्या धाकटीच्या लग्नापर्यंत तरी ओढले असते. ते राहिले, आणि मी त्या हावरीला शाबासकी देत बसलो, हा समोर हसत असताना. मला बाहेर ठेवून हा सौदा परस्पर का केलास? उत्तर दे, मास्तर.