मास्तरांना साफ आवाज हवा होता

मास्तर गिटारची एक तार छेडायचे, अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीला कान लावायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे, “चिवडा!” मग हा सुरांचा चिवडा कोणामुळे झाला ते शोधत त्यांची नजर आमच्या तोंडांवरून फिरायची. ज्याच्यावर थांबली त्याचा तो दिवस गेलाच म्हणून समजा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वर्ध्यात आमचा ऑर्केस्ट्रा होता. टीव्ही अजून घरोघरी आला नव्हता, त्यामुळे गणपती आणि देवीच्या दिवसांत आम्हाला फुरसत नसायची. टेम्पोत सामान टाकायचं आणि पुलगाव, आर्वी, हिंगणघाट करत फिरायचं. मास्तर आमचे प्रमुख आणि गिटारवादक. मी निवेदक.

वाईट बोलतो पण खरं बोलतो, म्हणून लोक ज्याला सोडत नाहीत, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ढोलकीवाल्याला मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुह्या बापानं बैल हाकलले, तू ताल हाकलून राह्यला.” मला तर पहिल्याच तालमीत ऐकवलं, “तुह्ये कान सागवानी आहेत. खुर्ची कर त्याची.” सगळे हसले, मीही हसलो. आपली पाळी नसली की त्यांचं बोलणं फारच मजेदार वाटायचं.

गिटार मात्र असे वाजवायचे की माणसाने सगळं विसरावं. त्यांना झगमगाट नको असे. सूर धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ पाहिजे. “आवाज मोठा कोणीबी करते,” ते म्हणायचे, “साफ करून दाखवा.”

आमची गायिका सेलूकडच्या शेतकरी घरातली होती. वर्ध्यात बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी तालमीला यायची. तिच्याबद्दल मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “हिले कान देवानं देल्ले, गळा द्याचा विसरला.” त्यात तिचं कौतुकही होतं. साऱ्या ऑर्केस्ट्रात त्यांचा विश्वास होता तो फक्त तिच्या कानावर.

आर्वीच्या कार्यक्रमाला तिचे वडील पाहुणे घेऊन आले होते. मुलाकडची मंडळी. पोरगी गाते कशी ते त्यांना ऐकवायचं होतं. पहिल्या रांगेत नव्या टोप्या घालून सगळे बसले. दुसऱ्या कडव्यात तिचा सूर जरासा घसरला. आमच्यापैकी कोणाला कळलंही नव्हतं. मास्तरांनी हात वर करून गाणं थांबवलं, माईकपाशी आले आणि लोकांना म्हणाले, “माफ करा मंडळी, बाई आज घरूनच बेसूर निघाल्या.”

मांडव खदखदून हसला. मुलाकडची मंडळीही हसली. पुढे त्या घरून निरोप आला नाही. तिचे वडील पुन्हा कधी कार्यक्रमाला आले नाहीत. ती मात्र दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर आली आणि तेच गाणं चुकीशिवाय गायली. मास्तर म्हणाले, “आता काय उपयोग?”

त्यानंतर वर्षभरात मास्तरांना आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खरखर ऐकू येऊ लागली. वायरी बदलल्या, स्पीकर बदलला, खरखर काही गेली नाही. आम्हाला ती ऐकू येत नव्हती, पण तसं म्हणायची कोणाची छाती होती? शेवटी नवा घ्यायचं ठरलं आणि मास्तर, ती आणि मी, असे तिघे सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो.

सीताबर्डीवरच्या दुकानात दुपारपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर लावणं चाललं होतं. एक लावला, चिवडा. दुसरा लावला, चिवडा. दुकानदाराचा घाम निघाला. मास्तर अ‍ॅम्प्लिफायरच्या एका पेटीपुढे उकिडवे बसले, जाळीला कान लावला, डोळे मिटले.

“तार छेडलीबी नाई, तरी खरखर करून राह्यला,” ते म्हणाले. “आतमधीच घाण आहे.”

दुकानदार म्हणाला, “भाईसाब, लाइट तो कब की चली गई.”

मास्तरांनी डोळे उघडले. वर पाहिलं. पंखा थांबलेला होता. दुकानातली दोन पोरं हसायला लागली. दुकानदारही तोंड फिरवून हसला. मास्तर तसेच बसून राहिले, एक तळवा कानावर दाबून. मग दुसऱ्या कानावर. खरखर कुठे होती ते त्यांना तेव्हा कळलं.

लाइट आल्यावर ते उठले आणि तिला म्हणाले, “बाई, तू सांग.” इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दोन पेट्या निवडून ठेवल्या होत्या. मास्तरांनी दोन्हींवर एकाच गाण्याच्या चार ओळी वाजवल्या. पहिलीचा सूर बोट उचलल्यावरही हवेत तसाच राहिला. दुसरी चकचकीत होती, पण वरचे सूर तिच्यात फाटत होते. माझ्यासारख्याला कळलं म्हणजे बघा.

ती म्हणाली, “दुसरी. एकदम साफ आहे, मास्तर.”

“अहो, पहिली—” मी बोललो.

“तू गप राह्य,” मास्तर म्हणाले. “हिले इचारलं मी, लाकडाले नाई.”

परतीच्या गाडीत मी पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. ती पेटीवर हात ठेवून बसली होती.

दुसऱ्याच दिवशी हिंगणघाटला गणपतीचा कार्यक्रम होता. पेटी लावली, मास्तरांनी एकदा तार छेडली. ढोलकीवाल्याने चमकून गायिकेकडे पाहिलं आणि मान खाली घालून ढोलकीची दोरी आवळू लागला. बाकीच्यांनीही काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

मास्तर एकट्याने वाजवायला उभे राहिले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज मैदानभर पसरत होता. मागून शिट्ट्या आल्या. मास्तरांना वाटलं, दाद आहे. ते आणखी वरच्या सुरात गेले. मग पुढच्या रांगेतला एक जण उभा राहून ओरडला, “अबे, बंद करा ते! कान फाटून राह्यले!”

हे मास्तरांना ऐकू आलं. त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“काऊन?” एवढंच विचारलं.

“आर्वीले माह्ये बाबा समोर बसले होते,” ती म्हणाली.

मास्तरांनी गिटारची वायर काढली. “आज सुरात बोलली,” ते म्हणाले आणि मागच्या पायऱ्या उतरून गेले. तिच्या सुराला मिळालेली त्यांची ही पहिली शाबासकी. पुढच्या गाण्याला ती उभी राहिली, पण तिला गाता आलं नाही.

मास्तर पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांनी कानाच्या नसा गेल्याचं सांगितलं, असं कळलं. ऑर्केस्ट्रा दुसऱ्या वर्षी मोडला. तीही गाणं सोडून बालवाडीतच राहिली.

पाच-सहा वर्षांनी मी वर्ध्याच्या बसमध्ये होतो. पवनारच्या पुढे ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. रस्त्याच्या मधून एक माणूस कॅरियरवर सरकीच्या ढेपेचं पोतं बांधून निवांत सायकल चालवत होता. “बहिरा आहे का बे?” कंडक्टर दारातून ओरडला. बस हसली. ड्रायव्हरने गाडी कच्च्यात उतरवून पुढे काढली, तेव्हा तो माणूस दचकला, सायकलसकट कलंडता कलंडता सावरला आणि त्याने वर पाहिलं.

मास्तर होते. मला त्यांनी ओळखलं. माझ्याकडे बघत ते काहीतरी बोलले, दोन-तीनच शब्द. मी काच सरकवून बाहेर वाकलो. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.