देवल ऐकले, अरोड राहिले

गुरुजींनी मला पहिल्याच वर्षी एक नियम शिकवला होता: उघडलेला अध्याय अर्ध्यावर सोडून पोथी बांधायची नाही. तो त्यांनी सांगून नव्हे, करून दाखवून शिकवला. एकदा पारायण चालू असताना सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. श्रोते उठून धावले. गुरुजींच्या धाकट्या भावाची बैलगाडी त्याच आवारात उभी होती. गुरुजी हलले नाहीत. रिकाम्या सभामंडपात उरलेले श्लोक त्यांनी त्याच लयीत म्हटले, पोथीला नमस्कार केला, आणि मग उपरणे सावरत अनवाणी धावले. सत्य म्हणून जे काही असते ते या पुरुषाच्या मुखात पूर्णच असणार, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली.

मी पेडगावकडच्या भिक्षुकाच्या घरातला. सेलूच्या त्या मंदिरात गुरुजींपाशी संस्कृत शिकलो आणि पुढे तिथेच पूजापाठात त्यांच्या हाताशी राहिलो. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद आणि शाळेची इयत्ता दोन्ही उर्दूत. म्हणून त्यांच्याच आज्ञेने मी मौलवीसाहेबांकडे जाऊ लागलो. शाळेत फारसी-अरबी शिकवून ते नुकतेच घरी बसले होते. स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्या, अंगणात एक डाळिंब, आणि माझे उपरणे चघळण्याची संधी कधी न सोडणारी एक बकरी. “शास्त्रीबुवा, तिला बी इल्म, विद्या पाहिजे,” असे म्हणत ते उपरणे तिच्या तोंडातून सोडवत.

उर्दू येऊ लागल्यावर मी अरबीचा हट्ट धरला. बदल्यात ते माझ्याकडून संस्कृत शिकू लागले. द्विवचन ऐकून ते खुशीत आले. “दोघांसाठी अलग रूप? आमच्या अरबीत बी हाय की! म्हंजे आपले बुजुर्ग कवातरी एका पंगतीला जेवलेत.”

त्यांनी माझ्याकडून जुन्या अरबी बखरकारांचे लेखन वाचून घेतले. त्या लेखनाची रीत मला आमच्या भाष्यकारांच्या रीतीइतकीच पूज्य वाटली. प्रत्येक वृत्तान्ताआधी सांगणाऱ्यांची साखळी असे: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून. अशा वृत्तान्ताला ते रिवायत म्हणत. दोन रिवायती परस्परविरुद्ध निघाल्या तर बखरकार दोन्ही लिहून ठेवी, आणि खरे काय ते ईश्वर जाणे, असे म्हणून बाजूला होई. दमिश्क शहर घेतले गेले तेव्हा एका वेशीतून फौज तलवारीने शिरली आणि दुसऱ्या वेशीतून तहाने, असे त्यांत होते. दोन्ही सरदार शहराच्या मध्यावर एकमेकांना भेटले, आणि अखेर सगळ्या शहराला तह लागू झाला.

शाळेच्या पुस्तकात त्या पहिल्या विजयांची एकच कथा होती: फौजा आल्या, पीडित रयतेने दारे उघडली, न्याय आला. आमच्या ओट्यांवरही एकच कथा होती, पण दुसरी: फौजा आल्या आणि एक देऊळ, एक शेंडी राहिली नाही. जुने अरब स्वतः जे लिहून गेले ते या दोन्ही कथांत मावत नव्हते. कुठे कत्तल, कुठे तह. फौजा बहुतेक ठिकाणी आपल्या वेगळ्या छावण्यांत राहिल्या. रयतेचा धर्म बदलायला पिढ्या गेल्या. कर मात्र लगेच बसला. “त्याला कोणत्या बी राजाला उशीर लागत न्हाई,” मौलवीसाहेब म्हणत.

मग ते वर्ष आले. इंग्रज निघाले होते आणि निजाम स्वतंत्र राहणार म्हणत होता. मैदानावर रझाकारांची कवायत सुरू झाली. पूर्णेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून एक नवी बातमी उतरे. त्यांतल्या जळालेल्या घरांच्या काही बातम्या खऱ्या असत. श्रावणात एके दिवशी कापसाचा एक अडत्या चारपाच जणांना घेऊन गुरुजींपुढे येऊन बसला.

“गुरुजी, खरं सांगा. हे लोक पहिल्यांदा सिंधमधी आले तवा एक बी देऊळ ठेवलं न्हाई म्हणत्यात. आता बी तसंच व्हायचं काय? घरी बायका रडायल्यात.”

“कुणी सांगितलं?”

“समदं गाव सांगायलंय.”

“गाव तिथे होतं का?” गुरुजींनी विचारले, आणि ती भ्यालेली माणसेही हसली.

ते गेल्यावर गुरुजी मला म्हणाले, “मौलवींना विचार. त्यांच्याच ग्रंथांत असेल तसं, कमी नको, जास्त नको. अफवेनं भीती वाढते, खऱ्यानं निवते. येत्या सोमवारी प्रवचनात तूच सांग.”

मौलवीसाहेबांनी बकरीच्या गळ्यातली दोरी सारखी करत ऐकले. सिंधचे दोन वृत्तान्त आम्ही एकत्र वाचले होते. समुद्रकाठच्या देवल शहरात कत्तल झाली होती. पुढे अरोड शहराशी तह झाला होता.

“मैदानावरची पोरं माझीच शागीर्द,” ते म्हणाले. “देवलची कत्तल मी सांगितली असं त्यांना कळलं तर म्हणतील, म्हातारा फितूर झाला. निस्तं अरोड सांगितलं तर तुमचे लोक म्हणतील, गोड बोलायलाय. दोन्ही एकदम सांगितलं तर कुणालाच तोंड उघडता येणार न्हाई. माझं नाव घ्या, हरकत न्हाई. पण एकलं देवल सांगायचं असलं तर नगा सांगू.”

मी ही अट गुरुजींना जशीच्या तशी कळवली. ते गाभाऱ्यात होते, हातात तुळशीपत्र होते. “दोन्ही,” ते म्हणाले. “देवासमोर कबूल केलं आहे, म्हणून सांग त्यांना.”

सोमवारी तिसऱ्या प्रहरी सभामंडप भरला. गुरुजींनी मला आपल्या शेजारी बसवले. मौलवीसाहेबांचे नाव घेऊन मी देवल सांगू लागलो. देवळाचा उंच स्तंभ आणि त्यावरचे लाल निशाण; दगड फेकणाऱ्या यंत्राने मोडून पडलेला तो स्तंभ; बळाने घेतलेले शहर; तीन दिवस चाललेली कत्तल; मारले गेलेले पुजारी. एका खांबाआडून कोणी बाई हुंदके देऊ लागली. माणसांच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या. आता अरोड सांगायचे होते. त्या शहराने तह केला. देवल घेणाऱ्या त्याच सरदाराने तिथल्या लोकांना जीवदान दिले. तुमचे देऊळ आम्हांला ख्रिस्त्यांच्या आणि यहुद्यांच्या मंदिरांसारखे, अग्निपूजकांच्या अग्निगृहांसारखे, असे म्हणून त्याला हात लावला नाही. आणि कर बसवला.

मी “पुढे अरोड नावाच्या नगरात” एवढेच म्हणालो असेन, तोच गुरुजींनी झांजा उचलल्या आणि समाप्तीचा घोष सुरू केला. सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची प्रार्थना आहे ती. सगळी सभा उभी राहिली. वळलेल्या मुठी सुटून टाळ्या वाजू लागल्या. मी थांबलो नाही. त्या गजरात, सारा जोर लावून, मी अरोड शेवटच्या वाक्यापर्यंत सांगितले. माझे शब्द माझ्याच कानांना जेमतेम ऐकू येत होते. तह सांगून मी करापर्यंत आलो तेव्हा गुरुजी माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पुरे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चंदन उगाळत होते. मी पायांवर डोके ठेवले आणि विचारले, घोष मध्येच का घेतलात. इतक्या वर्षांत त्यांना मी विचारलेला तो पहिलाच असा प्रश्न.

“लोकांचे चेहरे पाहिलेस?” हात न थांबवता ते म्हणाले. “महिनाभर नुसते रडत होते. काल त्यांच्या डोळ्यांत प्रथमच त्वेष आला. तू तह सांगितला असतास तर उद्या निम्मे म्हणाले असते, चला, आपणही तह करू, कर भरू. आज तो दिवस नाही.”

“आपण देवासमोर कबूल केलं होतं.”

“त्याचं मी देवाशी पाहून घेईन.”

मी चंदनाची वाटी उचलली. शिष्याने गुरूपाशी वाद घालू नये, हेही त्यांनीच शिकवले होते.

पुढच्या शनिवारी मी स्टेशनच्या रस्त्यावर गेलो. मौलवीसाहेब उठून सामोरे आले नाहीत. त्यांच्या नावाने सांगितलेले देवल गावभर झाले होते, आणि आदल्या दिवशी मशिदीत नमाजाच्या रांगेत त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा सुटली होती. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे असते तिथे. त्यांच्या खांद्याला कोणी लागले नव्हते. हे त्यांनी हवापाण्याविषयी सांगावे तसे सांगितले.

“तुमी अरोड सांगितलं का?”

“सांगितलं. शेवटपर्यंत.”

“कुणी ऐकलं?”

मी झांजांचे आणि घोषाचे सांगितले.

“ऐकणारा न्हाई तर रिवायत न्हाई, शास्त्रीबुवा. तुमाला शिकवलंय.”

“गुरुजींनी ऐकलं. ते शेजारी होते. त्यांनी मला ‘पुरे’ म्हटलं.”

त्यांनी मान वर केली. इतक्या वेळात ती पहिलीच वेळ. “मग एक काम करा, बेटा. त्यांनी दोन माणसांपुढं एवढंच म्हणावं: यानं अरोड बी सांगितलं, मी ऐकलं. जास्ती एक अक्षर नगं. तुमच्या गुरुजींचा शब्द आमच्या लोकांत बी चालतो. मी पोरांना सांगीन, जा, इचारून या.”

मी जवळजवळ धावतच मंदिरात आलो. गुरुजी पोथी बांधत होते. मी हात जोडून सारे सांगितले: रांगेत सुटलेली ती जागा, आणि फक्त एका वाक्याची याचना. त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

“मला काही ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

“गुरुजी, आपण ‘पुरे’ म्हणालात.”

“घोष चालू होता. घोषात देवाशिवाय दुसरं काही ऐकू येऊ नये.”

आग लागली असता ज्यांनी अध्याय सोडला नाही, तेच हे गुरुजी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिथे राग नव्हता, लाजही नव्हती. पूजेच्या वेळची ती नेहमीची शांती होती, आणि तीच मला सहन होईना.

हे उत्तर घेऊन मौलवीसाहेबांकडे जाण्याचे धैर्य गोळा करण्यात माझे काही दिवस गेले. गेलो तेव्हा कडीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, “हैद्राबादला लेकीकडं गेले. बकरी मला देऊन गेले. तुमच्यासाठी? न्हाई, काई सांगून न्हाई गेले.”

पुढच्या वर्षी भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचे राज्य संपले. आम्ही पेढे वाटले. त्यानंतरच्या दिवसांत जोर आमच्या बाजूचा होता. स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांची दारे चौकटींसह उपटून नेली गेली. डाळिंब तोडलेले होते. तिथून परतणाऱ्या घोळक्यात मला तो अडत्या दिसला. हातात काही नव्हते, पण पाय मातीने भरले होते. त्याने मला ओळखले आणि उभा राहिला.

“शास्त्रीबुवा, असं बघू नगा. त्यांनी देवलात काय केलं ते तुमीच सांगितलंत की आमाला.”

मंदिराच्या पायरीवर गुरुजी उभे होते. त्याचे बोलणे त्यांना ऐकू गेले असेल, इतके ते जवळ होते. मी त्यांच्याकडे पाहिले. एक वाक्य ते तेव्हाही बोलू शकले असते. ते वळले आणि आत गेले. सायंपूजेची वेळ झाली होती. थोड्या वेळाने आतून घंटा वाजली आणि मला हाक आली.