पाच दाण्यांची परीक्षा

केशोरीच्या शाळेत मी मास्तर होतो, ते इंग्रजांचे दिवस. बायको तापानं गेली आणि मागं राहिलं एक मडकं, राखेत ठेवलेल्या वालाच्या बियाचं. जांभळ्या काठाच्या शेंगांचा हा वाल तिनं माहेराहून आणला होता; गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. ती गेल्यावर मी मडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं तेव्हा राख ओली झालेली.

शेजारची म्हातारी मायाळू. तिनं गावच्या रीतीनं पाच दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. एकालाही मोड आला नाही.

"बी मेलं जी, मास्तर. काऊन जीव लावून राहिले? फेकून द्या."

मला राग आला. रीत खोटी नव्हती. धानाचं चांगलं बी बहुतेक सगळं उगवतं. तिथं पाच दाणे पुरतात. पण अर्धमेल्या बियाचं काय? दहात एकच दाणा जिवंत असेल, तर पाचांत तो हाती लागण्यापेक्षा न लागण्याचाच संभव अधिक. फडक्यात काही दिसलं नाही, एवढंच कळलं होतं. बी मेलं, हे कळलंच नव्हतं. ओसरीवर एकटाच बसून मी हे स्वतःशी मोठ्यानं बोलायचो. ऐकायला होतं कोण?

तीसेक दाणे पेरले आणि सगळे वाया गेले, तर मेलं म्हणणं रास्त. पण मडक्यात उरले होते जेमतेम तेवढेच. खात्री करून घ्यायची तर बायकोचं होतं नव्हतं ते सगळं मातीत घालायचं. न पेरता ठेवलं तर निदान आशा तरी राहत होती. मी मुलखाचा भित्रा. किती दिवस मडकं मांडीवर घेऊन बसलो. शेवटी स्वतःचीच चीड आली आणि कुंपणाशी सगळे दाणे लावून टाकले.

"येडे झाले का जी?" म्हातारी म्हणाली.

बरेच दिवस नुसतं गवतच आलं. मग एका सकाळी दोन जाड कोंब माती उचलून वर आलेले दिसले. दुसऱ्याच कुठल्या वालाचं बी तिथं पडलेलं असेल, म्हणून शेंगा लागेपर्यंत मी गप्प राहिलो. शेंगा लागल्या. काठ जांभळा होता.

मी तसाच घराकडे वळून ओरडलो, "अगं, आला बघ तुझा वाल!"

आतून ओ आली नाही. ती नाही, हे कळायला एकच हाक पुरली.