चौथी तार

पल्लवीनं दोन ओळी वाजवल्या आणि ती थांबली. युकुलेले मांडीवर आडवं घेतलं, तारांवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "काका, हे न्हाय ओ."

"काय न्हाय?"

"आवाज. आईचा न्हाय ह्यो."

मला रागच आला. मुरुमच्या बाजारात वाद्यांच्या रिपेअरिंगचं दुकान टाकून मला तीस वर्षं झाली आहेत. पेटी, तबला, पखवाज, एकतारी, जे येईल ते उघडतो आणि सुरात लावून परत देतो. आसपासची भजनी मंडळं माझ्याकडेच येतात. कालपर्यंत ज्या पोरीला खुंटी कुठल्या बाजूला पिळायची हे माहीत नव्हतं, ती मला आवाज शिकवत होती.

युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. दोन हातांत मावेल एवढं लाकडी खोकं, चार तारा, त्याही नायलॉनच्या. आमच्या भागात ते फारसं येत नाही. आजवर माझ्याकडे तीनच आली होती. त्यातली दोन लहान पोरांची खेळणी होती.

हे तिसरं पल्लवीच्या आईचं. आई माकणीकडच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोरं पहिली-दुसरीची. बाईंनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे वाद्य ऑनलाइन मागवलं, मोबाइलवर बघून बघून शिकल्या आणि वर्गात कविता त्याच्यावरच म्हणायला लावल्या. मागच्या वर्षी काविळीनं गेल्या. येत्या शनिवारी शाळेत त्यांचा पहिला स्मृतिदिन होता. बाईंनी स्वतः रचलेलं गाणं पोरं म्हणणार आणि पल्लवी आईच्या युकुलेलेवर साथ करणार, असं ठरलेलं. तिला तेवढं एकच गाणं वाजवता येत होतं, तेही आईचे व्हिडिओ बघून शिकलेलं. सोमवारी सराव करताना खालची तार तुटली. वाद्य घेऊन पोरगी उमरग्याच्या कॉलेजातून थेट माझ्याकडे आली.

"एकच तार बदला काका," ती सोमवारी म्हणाली होती.

आमच्या धंद्यात एक तार कुणी बदलत नाही. जुन्या तीन आणि नवी एक असली की आवाज जुळत नाही, म्हणून सगळा सेट बदलायचा. जुन्या तारा पक्कडीनं मधोमध तोडायच्या, कारण खुंट्यांवरून उलगडत बसायला वेळ कुणाला आहे! तुकडे कचऱ्याच्या डब्यात. मंगळवारी सकाळी घंटागाडी आली आणि डबा रिकामा झाला. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं जुन्या तारा परत मागितल्या नव्हत्या.

तोडता तोडता माझ्या लक्षात आलं होतं की चौथी तार चुकीची आहे. वाद्य छातीशी धरलं की सगळ्यात वर, वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे येते ती चौथी. गिटारमध्ये वरची तार सगळ्यात जाड असते, आवाज सगळ्यात खोल. इथं मात्र चांगली बारीक तार लावलेली होती. मी मनाशी हसलो. म्हटलं, बाईंनी हाताला येईल ती लावली, चालायचंच. आणि गिटारच्या नायलॉन सेटमधली जाड, वर बारीक तारेचा वेढा असलेली तार त्या जागी बसवली. बाकीच्या तीनही त्याच सेटमधल्या. आवाज भरदार आला. मी खूश होतो.

मंगळवारी दुपारी पल्लवी न्यायला आली आणि 'हे न्हाय' म्हणाली.

"पोरी, पहिल्यापेक्षा चांगला लागलाय," मी म्हणालो. "आधीची वरची तार चुकीची होती. तू मोबाइलवर ऐकलंयस. मोबाइलच्या स्पीकरमधून सगळंच पातळ ऐकू येतं."

"मी घरात ऐकलंय काका. तीन वर्सं रोज. आई भात शिजतानाबी वाजवायची."

तरी बोललोच. "मग तुझे कान ट्यून करावे लागतील," म्हणालो. ती हसली नाही. मला तेव्हाच गप्प बसायला पाहिजे होतं.

"जुन्या तारा परत लावा की," ती म्हणाली.

"तोडल्या. गेल्या."

तिनं डब्याकडे बघितलं. मग वाद्य माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी हाय, काका."

बुधवारी मी दुसरं काम घेतलं नाही. एका भजनी मंडळाची पेटी भाता उघडून पडली होती, ती तशीच ठेवली. पण मनात काय होतं तेही सांगतो. पोरीचं म्हणणं खरं असेल असं मला वाटत नव्हतं. तिला गप्प करायचं होतं.

दुसऱ्या कंपनीचा नायलॉन सेट लावला. आवाज थोडा उजळ, पण तोच बाज. मग चौथ्या जागी एकतारीची बारीक पोलादी तार लावून बघितली. आवाज खणखणीत झाला, आमच्या मंडळांना आवडतो तसा. पाच मिनिटांनी घोडीकडे लक्ष गेलं. घोडी म्हणजे तारा खालच्या बाजूला जिथं बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी. ती मागच्या कडेनं केसभर उचलली होती. पोलादाचा ताण या वाद्याला सोसत नाही. झटकन तार सैल केली, सरस भरून पट्टी दाबून ठेवली. बुधवार त्यात गेला.

गुरुवारी पल्लवी कॉलेज बुडवून आली. मी पुन्हा जाड तारेचं समर्थन करणार, तेवढ्यात तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"तुमी ऐकू नका. बगा फकस्त."

वर्गातला व्हिडिओ होता. बाई खुर्चीवर, पोरं खाली. बाईंचा आवाज थोडा बसलेला, पण सुरात.

माशा माशा, शाळा कुठं?
पाण्याखाली, चिखल जिथं.

मी बाईंच्या हाताकडे बघितलं. अंगठा वरच्या तारेवरून खाली यायचा आणि पहिलाच ठोका बारीक, उंच वाजायचा. म्हणून ते सगळं गाणं उड्या मारत चाललंय असं वाटत होतं. माझ्या जाड तारेनं तोच पहिला ठोका खाली खेचला होता. युकुलेलेची चौथी तार मुळातच बारीक असते. या वाद्याची ती रीतच आहे. माझ्यापुढे आलेल्या दोन्ही खेळण्यांतही ती बारीकच असणार, पण मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"थांबा, फुडं हाय," पल्लवी म्हणाली.

गाणं संपल्यावर बाई चौथ्या तारेला नख लावून पोरांना विचारत होत्या, "ही तार कुणाची?" पोरं ओरडली, "ओंकारच्या पप्पांची!" बाई म्हणाल्या, "व्हय. बाईंची तार तुटली, तर ओंकारच्या पप्पांनी धरणावरनं तंगूस दिला. आता मासंबी आपल्या वर्गात आलं का न्हाय?" पोरं हसत सुटली.

तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा पक्का धागा. बाईंनी तो स्वतः आणून, स्वतः बांधला होता. तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच तारेवर वाजवलं होतं. आणि मी ती पक्कडीनं तोडली होती.

"ह्ये मलाबी म्हाइत नव्हतं," पल्लवी म्हणाली. "मी कायम गाण्यापतुरच बगायची. आज पयल्यांदा शेवटपतुर बगितला."

मी माफी मागितली. ती "असू द्या" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे आता हातात एकच दिवस होता.

शुक्रवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि लोहाऱ्यावरून माकणी धरण गाठलं. ओंकारचे पप्पा, दत्तू, काठावर जाळं दुरुस्त करत बसलेले. मी युकुलेले पुढं केलं, तसं त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"बाईंचं हाय ह्ये."

"व्हय. तुम्ही दिलेला तंगूस पाहिजे. तोच."

"बाई हितंच बसल्या व्हत्या," दत्तू म्हणाले. "मी म्हनलं, न्या की कंचाबी. तर न्हाय. पाच रिळं काडाय लावली. एक टोक पायाच्या अंगठ्याला, एक हातात, आन् ताणून वाजवत बसल्या. आमी समदे हसलो. ऐकंना बाई. तास घातला, मग एक पसंत केला."

"ते रीळ आहे का?"

"त्ये कवाच सपलं. त्या मापाचा आता मिळत न्हाय ओ. ह्यो घ्या, जरा जाड हाय."

मीही तसाच बसलो. एक टोक अंगठ्याला, एक हातात. बाईंना एक तास पुरला, मला दोन लागले. चार प्रकार वाद्यावर चढवून बघितले. एक घोगरा, दोन नुसतेच टणटण. चौथा जवळचा वाटला. पल्लवीनं मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ आणि ती तार आळीपाळीनं ऐकवली, तेव्हा दत्तूंनी मान हलवली.

"लई जवळ हाय," ते म्हणाले. "पर त्योच न्हाय."

जवळचा तर जवळचा. मग बाकीच्या तीन जागीही तंगूसच लावला, म्हणजे आवाज तरी एकसारखा राहील.

आता धंद्यातली एक गोष्ट, जी मला पक्की माहीत होती. नायलॉनची नवी तार ताणत राहते. सुरात लावली की दहा मिनिटांत उतरते. पुन्हा चढवा, पुन्हा उतरते. तीन-चार दिवस असं केल्यावर ती बसते. मंगळवारी मी पोरीचं ऐकलं असतं, तर ते तीन-चार दिवस मिळाले असते. शुक्रवारी संध्याकाळी वाद्य तिच्या हातात देताना मी सांगितलं, "दर अर्ध्या तासानं चढवत राहा. उद्या सुरू करायच्या आधी एकदा मी लावून देतो."

शनिवारी शाळेच्या पटांगणात बाईंचा फोटो, निळ्या कापडावर. मेणबत्ती लावून वंदना झाली. मी वाद्य बाजूला नेऊन चारही तारा सुरात लावल्या आणि मागच्या खुर्चीत बसलो. दोन-तीन खुर्च्या सोडून दत्तू होते.

पहिलं कडवं बरोबर झालं. पहिला ठोका उंच, बारीक वाजला. पल्लवीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, आणि मी श्वास सोडला. दुसऱ्या कडव्यात चौथी तार उतरायला लागली. इतरांना कळलं नसेल. मला कळलं आणि तिला कळलं. तिनं वाजवता वाजवता खुंटी पिळली, तर सूर वर निसटला. पुन्हा खाली घेतला. तोवर दुसरी तार उतरली. तिसऱ्या कडव्याला तिनं तारांवर तळहात ठेवला, मंगळवारी माझ्या दुकानात ठेवला होता तसाच, आणि थांबली.

पोरं थांबली नाहीत. त्यांनी बाईंच्या चालीत गाणं शेवटपर्यंत म्हटलं. साथ बंद पडल्याचं त्यांना कळलंही नसावं. मोठी माणसं डोळे पुसत होती. मुख्याध्यापक मला म्हणाले, "छान झालं." मी मान डोलावली.

पल्लवी वाद्य पिशवीत घालत होती. मी जवळ गेलो.

"चार दिवसांनी तार बसेल. दुकानात ये, मी पक्कं लावून देतो."

"चार दिवसांनी कुणाला दाखवू काका?" ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नंतर आली नाही. महिन्याभरानं तिच्या गावचा एक तबलेवाला आला, त्याच्याजवळ निरोप दिला. त्यानं परत येऊन सांगितलं की वाद्य पिशवीतच आहे, कपाटावर.

तेव्हापासून दुकानात एक पद्धत घातली आहे. जुनी तार तोडत नाही, उलगडून काढतो, पाकिटात घालतो आणि वर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. परत देताना लोक हसतात, दारातच टाकून जातात. टाकू देत. आणि पक्कड हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतो, "ही तार कुणी बसवली होती?" बहुतेक जण म्हणतात, "तुम्हीच की, मास्तर." मग निवांत कामाला लागतो.