कोकणात गेलेली फी

पगाराच्या दिवशी तात्या एका जागी बसत नसत. तात्या म्हणजे माझे वडील. बारामती एमआयडीसीतून मोटारसायकलवर कन्हेरीला आले, की चहासुद्धा उभ्यानेच. खिशातल्या पैशांची मेंढी होईपर्यंत या माणसाच्या जिवाला चैन नसे.

त्यांच्या लहानपणी आजोबांनी सगळी मेंढरं विकून नोटा कणगीत ठेवल्या होत्या. पावसाळ्यात वाळवीने त्यांचा भुगा केला. तो भुगा तात्यांनी आपल्या हातांनी उपसला होता. आईने बँकेचं नाव काढलं की म्हणत, "कागुद निजून ऱ्हातो. मेंढरू रातीला बी रवंथ करतं." यावर माणूस काय बोलणार, कपाळ!

घेतलेल्या मेंढ्या ते इंदापूरकडच्या बिरूआबांच्या कळपात अर्धलीनं सोडत. सांभाळायचं आबांनी, कोकरं निम्मी-निम्मी. मी पुण्याला नर्सिंगला गेले त्या वर्षी फीचा दुसरा हप्ता जानेवारीत, परीक्षेआधी भरायचा होता. दिवाळी झाली की मेंढरं कोकणात चरायला जातात, हे का तात्यांना ठाऊक नव्हतं? तरी सगळा पैसा कळपातच. माझी फी घाट उतरून गेली होती.

मेंढ्या विकून पैसे आणायला तात्या रजा टाकून एसटीने कोकणात निघाले. मी होस्टेलच्या फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले. ते आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती आणि माझे सहा महिने बुडाले होते. चप्पल तुटलेली, कपड्यांना मेंढरांचा वास. "कळप फुडं सरकला हुता, बाय," एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली नाही. राग आला, आणि तो कितीतरी दिवस गेला नाही.

बारामतीत नोकरी लागल्यापासून मी रुपया हलू दिलेला नाही. पगाराच्या दिवशी ड्युटी संपली की आधी बँक. पासबुक भरून घ्यायचं, वाटेत पुन्हा उघडून बघायचं. त्याशिवाय मला बसवतच नाही. आई म्हणते, "अगदी बापावर गेलीस."

तात्या वारले त्यानंतरच्या पगाराच्या दिवशी माझी सुट्टी होती. मी घरून बँकेत जायला निघाले, तर बिरूआबा दारात. हातात दोरी, दोरीला मेंढी.

"तात्याच्या वाट्याची येवढीच ऱ्हायली हाय. इकून पैसं आनून देऊ का? बँकेत टाकशील."

मेंढी सारखी दोरीला हिसके देत होती. एका जागी उभी राहीना.

"न्हाय आबा," मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यातच. दिवाळी झाली की जाऊ द्या कोकणात."

आबा तिला घेऊन वळले. ती दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते. बँक केव्हाच बंद झाली होती.